जालन्याची मालवाहतूक : हुंडेकरी, ट्रान्सपोर्ट एजंट आणि गाडीवाल्याचा खोळंबा

जालना शहराचे कुंडलिका नदीने दोन भाग केले आहेत. एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद. ह्या दुसऱ्या भागासच लोक आज नवा जालना म्हणतात. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात सर्वत्र ऐकू येते, आणि ती केवळ स्थानिक अभिमानाची बढाई नव्हे. १६७९ च्या मोहिमेत मराठी फौजेने जालन्याची पेठ लुटली, ती लुटण्याजोगी होती म्हणूनच. त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत ह्या पेठेतील माल बदलत गेला. कापड व रेशीम मागे पडले, कापूस व सरकी आली, डाळी आल्या. १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी येथे स्थापन झाल्यावर बियाण्यांचा धंदा वाढला, आणि पुढे लोखंडी सळईने इतर सर्वांस मागे टाकले. मालाबरोबर मालाचे धनीही बदलले. परंतु तो माल ज्याने वाहून नेला त्याचा इतिहास क्वचितच कोणी लिहिला. व्यापाऱ्याच्या हिशेबात तो ‘वाहतूक खर्च’ ह्या एका रकान्यात आटोपतो, आणि इतिहासकारही त्या रकान्यापलीकडे सहसा पाहत नाही.

प्रस्तुत लेखात त्या रकान्यापलीकडे पाहावयाचे आहे. ज्याची एकच गाडी आहे, जो ती बहुधा स्वतःच चालवितो आणि जिच्यावर कर्जाचा हप्ता चालू आहे, अशा ट्रकमालकास त्याचे दुःख काय म्हणून विचारले, तर तो तीन गोष्टी सांगतो. पहिली, माल कोठे आहे व त्याचे खरे भाडे किती हे त्यास थेट कळत नाही. दुसरी, माल भरताना व उतरविताना गाडी तासन्‌तास, कधी दोनदोन दिवस उभी राहते, त्या वेळेचे कोणी काही देत नाही. तिसरी, ठरलेल्या भाड्यातून वाटेत कोण किती कापून घेणार हे आधी सांगता येत नाही. ह्या तीन तक्रारी मोटारीबरोबर जन्मास आल्या असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः त्या ट्रकाहून पुष्कळ जुन्या आहेत. आणि त्यांतील दुसरी, म्हणजे खोळंब्याची तक्रार, ही तिन्हींचे मूळ आहे असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

वाहणाराच जेथे मालाचाही धनी असतो तेथे ह्या तक्रारी उद्‌भवत नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दख्खनमधील बंजारे हे त्याचे उत्तम उदाहरण होय. हजारो बैलांचे तांडे घेऊन हे लोक धान्य व मीठ वाहत असत. पण ते केवळ भाडोत्री नव्हते. धान्य स्वस्त असेल तेथे विकत घ्यावे व महाग असेल तेथे विकावे, हा त्यांचा स्वतःचा व्यापार होता. १८०३ च्या युद्धात कर्नल स्टीव्हन्सनने २ सप्टेंबर रोजी जालन्याचा किल्ला घेतला व त्याच महिन्याच्या २३ तारखेस, आजच्या जालना जिल्ह्यातच असलेल्या असईच्या मैदानावर, वेलस्लीने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. ह्या मोहिमेतील वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचा उल्लेख वारंवार येतो, कारण फौजेचे पोट त्यांच्या बैलांवर अवलंबून होते. सेनापतीला त्यांची मनधरणी करावी लागे. बाजारभावाची खबर त्यांच्यापाशी होती, बैल त्यांचे होते, धान्यही त्यांचे होते. ज्याच्यापाशी ह्या तिन्ही गोष्टी एकत्र असतात त्याला कोणी फुकट ताटकळत ठेवीत नाही.

बंजाऱ्याच्या शेजारीच, आणि पेठांमधून तर त्याच्याहून अधिक महत्त्वाचा, असा दुसरा एक इसम होता, तो हुंडेकरी. आज ‘हुंडा’ म्हटले की लग्नातील देण्याघेण्याचाच अर्थ मनात येतो. परंतु मोल्स्वर्थच्या कोशात ह्या शब्दाचा दुसरा अर्थ नोंदविलेला आहे. माल एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविण्याचा, वाटेतील जकातीसह केलेला ठोक करार म्हणजे हुंडा, व असा करार घेणारा तो हुंडेकरी. आडनावाच्या रूपाने हा शब्द अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व मराठवाड्याच्या भागांत अद्याप टिकून आहे. जुन्या काळी घाटावरील मार्गांवर ठिकठिकाणी जकातीची नाकी असत, प्रत्येक नाक्याचा दर वेगळा, प्रत्येक जकातदाराची मर्जी वेगळी. व्यापाऱ्याला ही कटकट नको असे. तो हुंडेकऱ्यास एक ठोक रक्कम देई व मोकळा होई. हुंडेकरी मग बैलवाले किंवा गाडीवान गाठी, त्यांच्याशी वेगळे भाडे ठरवी, जकाती भागवी, आणि जे उरेल ते त्याचे.

ह्या व्यवस्थेचा गुण उघड आहे. व्यापाऱ्यास निश्चिती मिळाली व गाडीवानास माल शोधीत हिंडावे लागले नाही. परंतु तिच्यातच दोषाचे बीजही होते. व्यापाऱ्याने किती दिले हे गाडीवानास कळत नसे आणि गाडीवानास किती मिळाले हे व्यापाऱ्यास. दोघांमधील अंतर जितके अंधारात राहील तितका हुंडेकऱ्याचा लाभ अधिक. अंतर्गत जकाती पुढे यथाकाल उठल्या, म्हणजे ज्या कारणासाठी हुंडेकरी आवश्यक ठरला होता ते कारणच नाहीसे झाले. तथापि हुंडेकरी नाहीसा झाला नाही. आगगाडी आल्यानंतरही तो स्थानकावरचा माल पेठेत व पेठेतला माल स्थानकावर पोहोचविण्याच्या कामात टिकून राहिला. ह्यावरून एक गोष्ट निश्चित होते. त्याची खरी पुंजी जकातीचे ज्ञान ही नव्हती, तर कोणाकडे माल तयार आहे ही खबर होती. जकात गेली, खबर उरली.

जालन्यात आगगाडी आली ती निजामाच्या राज्यातील गोदावरी खोऱ्याच्या मार्गाने. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा हा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ च्या दरम्यान सुरू झाला आणि जालन्याच्या कापसास मुंबईची वाट मोकळी झाली. पण ह्या वाटेत मनमाड होते. मनमाडच्या पुढे मुंबईपर्यंत रूळ रुंद, मागे जालन्यापर्यंत अरुंद. त्यामुळे प्रत्येक गाठोडे व प्रत्येक पोते मनमाडला एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरावे लागे. १९९० नंतरच्या दशकात हा मार्ग रुंद होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शतकभर, ही स्थिती चालू राहिली. मराठवाड्यात ट्रकाचा धंदा एवढा का फोफावला ह्याची कारणे सांगताना रस्ते, डिझेल, परवाने यांची चर्चा होते. मनमाडच्या फलाटावरील ह्या अदलाबदलीचा उल्लेख मात्र फारसा कोणी करीत नाही. जालन्यात ट्रकमध्ये चढलेले पोते मुंबईत उतरेपर्यंत त्यास मध्ये हात लागत नाही, हाच ट्रकाचा मोठा गुण होता.

आगगाडीने आणखी एक गोष्ट आणली आणि ती आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. रेल्वेने वाघिणीच्या वेळेस किंमत लावली. वाघीण व्यापाऱ्याच्या स्वाधीन केल्यावर भरण्यास वा रिकामी करण्यास काही ठरावीक तास मोफत. त्यापुढे वाघीण अडकली तर तासागणिक दंड. लोकांच्या बोलीत ह्यास ‘डॅमरेज’ म्हणतात. जहाजांच्या व्यवहारात ही रीत शतकानुशतके रूढ होती. रेल्वेने ती गोदीतून उचलून स्थानकाच्या मालधक्क्यावर आणली. १९८९ च्या रेल्वे कायद्यात तिची व्याख्याच दिलेली आहे: मोफत वेळ संपल्यानंतर वाघीण अडकवून ठेवल्याबद्दलचे शुल्क ते विलंबशुल्क, आणि रेल्वेच्या जागेतून माल वेळेत न उचलल्याबद्दलचे ते स्थानशुल्क. परिणाम असा की खताची वा सिमेंटची मालगाडी मालधक्क्यास लागली म्हणजे व्यापाऱ्याची धावपळ पाहण्यासारखी असते. रात्र असो, पाऊस असो, हमाल गोळा केले जातात व वाघिणी रिकाम्या होतात. मात्र त्याच धक्क्याबाहेर, तोच माल उचलण्यासाठी उभ्या राहिलेल्या बैलगाडीच्या, आणि पुढे ट्रकच्या, वेळेचा हिशेब कोणी ठेवला नाही. एकाच मालाच्या एकाच प्रवासात लोखंडी चाकाच्या तासाला दाम आहे, रबरी चाकाच्या तासाला नाही. ह्याचे कारण चाकात नसून चाकाच्या मालकात आहे. वाघिणीचा मालक सरकार असतो, तो दर लावू शकतो व वसूल करू शकतो. एका ट्रकाच्या मालकास तसे करता येत नाही.

मोटारवाहतुकीचा कायदेशीर इतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला, त्याने भाडोत्री माल वाहणाऱ्या गाड्यांस प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा परवाना आवश्यक केला, आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तो येथेही लागू झाला. परवाना एका प्रदेशापुरता. दुसऱ्या प्रदेशात जावयाचे तर तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व जालना-मुंबई हा रस्ता एका राज्यातील रस्ता झाला, ही जालन्याच्या ट्रकवाल्यांच्या दृष्टीने मोठी घटना होय. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले होते. हप्त्याने गाडी घेता येऊ लागली. शेती विकून, दागिने मोडून, भावाभावांत वर्गणी करून एक गाडी घ्यावयाची आणि स्वतः चालवावयाची, असा वर्ग गावोगावी निर्माण झाला.

ह्या वर्गाचे अस्तित्व सरकारच्या लक्षात आले नव्हते असे नाही. १९५९ साली मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्ता-वाहतुकीचा जो अहवाल दिला त्यात एक-दोन गाड्यांच्या लहान मालकांचे बाहुल्य हे ह्या धंद्याचे ठळक लक्षण म्हणून पुढे आले, आणि त्यांनी एकत्र येऊन धंदा पेलण्याजोगे मोठे घटक बनवावे अशी शिफारस झाली. शिफारस योग्यच होती. पण लहान मालक एकत्र आले नाहीत. त्यांना एकत्र आणले ते ट्रान्सपोर्ट एजंटाने, आपल्या गादीपुढच्या बाकावर. मोंढ्यात किंवा हमरस्त्यालगत एक खोली, एक टेलिफोन, बिल्टीची पुस्तके आणि बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांची रांग, एवढे ह्या धंद्याचे भांडवल. व्यापाऱ्याचा फोन एजंटाला येतो, एजंट रांगेतील गाडीवाल्यास बोलावून भाडे सांगतो, थोडी रक्कम आगाऊ देतो. उरलेली रक्कम पोच पावती परत आल्यावर. हुंडेकऱ्याचे वर्णन वाचलेल्या वाचकास हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

गाडीवाल्याच्या बोलीतील एक विशेष येथे नोंदविण्याजोगा आहे. ‘भाडे’ हा शब्द तो दोन अर्थांनी वापरतो. ‘नाशिकचे भाडे मिळाले’ म्हणजे नाशिककडे जाणारा माल मिळाला. ‘भाडे अजून मिळाले नाही’ म्हणजे त्याचे पैसे मिळाले नाहीत. माल आणि मोबदला यांस एकच शब्द असावा ह्यात नवल नाही, कारण दोन्ही त्यास एकाच हातातून मिळतात. तो हात आखडला म्हणजे दोन्ही थांबतात. म्हणूनच एजंटाशी भांडण करणे गाडीवाल्यास परवडत नाही, आणि ह्या धंद्यातील तक्रारी चहाच्या टपरीवर जितक्या मोकळेपणाने बोलल्या जातात तितक्या कागदावर उतरत नाहीत.

एजंटांवर नियंत्रण असावे हा विचार कायद्याने मान्य केला तो १९६९ साली. १९३९ च्या कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती होऊन माल गोळा करणाऱ्या, पुढे पाठविणाऱ्या व वाटप करणाऱ्या एजंटांस अनुज्ञप्ती आवश्यक झाली. १९८८ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमात तीच तरतूद पुढे चालू राहिली. ह्या कलमातील अटी बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. अनुज्ञप्तीची मुदत किती, शुल्क किती, अनामत किती, ती कोणत्या कारणाने रद्द व्हावी, हे सर्व त्यात आहे. वाटेत असलेल्या मालाचा विमा एजंटाने उतरवावा हेही आहे. पण गाडीवाल्यास मूळ भाडे कळावे, किंवा गाडी अडकल्यास त्यास काही मिळावे, ह्याचा मागमूस तेथे नाही. १८६५ च्या वाहक कायद्याच्या जागी २००७ चा रस्तामार्गे माल वाहतूक कायदा आला व तो २०११ पासून अमलात आला. त्याचा भरही माल हरवल्यास वा बिघडल्यास वाहकाची जबाबदारी किती, ह्यावरच आहे. मालाच्या धन्याच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. कायदा करताना ज्याचा माल तो बोलला, ज्याची गाडी तो गादीबाहेर रांगेत होता.

आता खोळंब्याकडे वळू. जालना-मुंबई अंतर सुमारे चारशे किलोमीटर. समजा, एका ट्रकास मुंबईची एक खेप भरून जाऊन, उतरवून, परतीचा माल घेऊन येण्यास चार दिवस लागतात. अठ्ठावीस दिवसांत सात खेपा होतील. आता प्रत्येक खेपेत भरताना एक व उतरविताना एक असा दिवस वाया गेला असे धरू. चाराचे सहा दिवस झाले. सातांच्या चार-पाचच खेपा उरल्या. गाडीचा हप्ता, विमा, कर, घरखर्च यांत पैचा फरक पडला नाही. डिझेल तेवढे वाचले, पण डिझेल वाचवून कोणाचे घर चालत नाही. ह्या साध्या त्रैराशिकावरून दिसून येईल की लहान मालकाचा नफा-तोटा रस्त्यावर ठरत नसून फाटकाबाहेर ठरतो. पाच-पन्नास गाड्यांचा मालक एक गाडी अडकली तर दुसरी धावडवतो. एका गाडीच्या मालकाचा सगळाच धंदा त्या फाटकाबाहेर उभा असतो.

जालन्याच्या लोखंड-उद्योगात हे विशेष स्पष्ट दिसते. येथे खनिज नाही, कोळसा नाही. भंगार बाहेरून येते, वितळते व सळई होऊन बाहेर जाते. म्हणजे येतानाही ट्रक, जातानाही ट्रक. भंगाराची गाडी आली की प्रथम वजनकाट्याची रांग, मग मालाची तपासणी, मग उतरविण्याची पाळी, मग रिकाम्या गाडीचे पुन्हा वजन. सळई भरावयाची तर हव्या त्या जाडीची सळई गिरणीतून निघेपर्यंत थांबणे आले. यांतील कोणतीही एक पायरी अन्यायाची नाही. कारखानदाराची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे: वीज, भट्टी, क्रेन यांचे वेळापत्रक गाडीवाल्याच्या सोयीने आखता येत नाही. परंतु भट्टी थंड राहू नये म्हणून दारात नेहमीच गाड्या उभ्या असाव्यात असे ज्यास वाटते, त्याने त्या उभ्या राहण्याचे दाम द्यावे, ही अपेक्षाही गैर म्हणता येणार नाही. उसाच्या हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपुढे उभ्या राहणाऱ्या गाड्यांची कथा ह्याहून वेगळी नाही.

खोळंबा फुकट असल्याचा परिणाम केवळ गाडीवाल्याच्या उत्पन्नापुरता मर्यादित राहत नाही, हा ह्या लेखातील मुख्य मुद्दा आहे. गाडी उभी राहिल्याने ज्याचे काहीच जात नाही, त्यास खरी खबर देण्याचे कारण उरत नाही. ‘माल तयार आहे, गाडी लावा’ असे एजंट सांगतो. गाडी लावली म्हणजे कळते की माल उद्या निघणार आहे. एजंटाने हे जाणूनबुजून केले असेलच असे नाही. व्यापाऱ्यानेच त्यास तसे सांगितले असेल, आणि व्यापाऱ्याने गाडी आधी अडकवून ठेवण्यासाठी तसे सांगितले असेल. ह्या साखळीतील प्रत्येकास थोडेसे खोटे सोयीचे आहे आणि त्याची किंमत शेवटच्या कडीने द्यावयाची आहे. मालगाडीच्या बाबतीत असे घडत नाही, कारण माल तयार नसताना वाघीण मागविली तर विलंबशुल्क भरावे लागते. म्हणजे रेल्वेचा व्यापारी अधिक सत्यवादी असतो असे नव्हे. असत्यास तेथे दर लावलेला आहे, एवढेच.

खोळंब्याची ठिकाणे काळानुसार बदलली हेही सांगितले पाहिजे. एके काळी ती मुख्यतः नाक्यांवर होती. नगरपालिकांची जकात १९९९ साली उठली. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू राहिली. जालन्याहून नाशिकमार्गे जाणाऱ्या गाडीवाल्यास मुलुंडचा जकात नाका ठाऊक नाही असे क्वचितच घडले असेल. २०२१ पासून टोल फास्टॅगने देणे सक्तीचे झाले व तेथील रांगाही घटल्या. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तो जालन्याजवळून जातो. जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग मुंबईच्या दिशेने पुरा झाला. राज्याने आपल्या वाट्याचा खोळंबा पुष्कळ कमी केला, हे मान्य केलेच पाहिजे. जो शिल्लक आहे तो खाजगी फाटकांचा. आणि रस्त्यावर वाचलेले तास गाडीवाल्याच्या पदरात पडतात असेही नाही. ते रांगेत लवकर पोहोचण्यात खर्च होतात.

कपातीच्या तक्रारीत ‘वाराई’चा उल्लेख प्रामुख्याने येतो. माल भरणे व उतरविणे ह्याची मजुरी, किंवा तिच्यावरील काही अधिक रक्कम, मालाच्या धन्याऐवजी गाडीवाल्याकडून घेतली जाते, तिला हे नाव आहे. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रातील ट्रकवाल्यांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ अशी घोषणा केली. घोषणा नेमकी आहे, पण तिचा रोख हमालाविरुद्ध समजणे चुकीचे होईल. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली, दीर्घ लढा दिला, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यायोगे ओझे उचलणाऱ्यास मंडळ, नोंदणी व ठरावीक दर मिळाले. शेतमालाच्या बाजारात आडत्याची आडत व तोलाईही कायद्याने बांधली गेली. हैदराबाद संस्थानाने बाजाराचा कायदा १९३० सालीच केला होता आणि महाराष्ट्राचा १९६३ चा. मोंढ्यात एका पोत्यास जितके हात लागतात त्यांतील बहुतेकांचा दर अशा रीतीने लिहिला गेला. ज्याचा लिहिला गेला नाही तो शेवटचा हात स्टिअरिंगवरचा. साहजिकच, ज्यास कोणाकडून काही वसूल करावयाचे असेल तो त्याच्याकडे वळतो. वजनकाट्याचे पैसे, माल ओला झाला म्हणून कपात, वजनात तूट आली म्हणून कपात, हिशेबनिसाच्या नावाने कपात, आगाऊ रक्कम दिली म्हणून तिच्यावर कपात. प्रत्येक रक्कम किरकोळ. वाद घालण्यात जो वेळ जाईल त्याहून ती देऊन टाकणे स्वस्त. वेळेस किंमत नसणे हेच येथेही मूळ कारण आहे.

ही स्थिती केवळ आपल्याकडील अव्यवस्थेची म्हणून समजली जाऊ नये, यासाठी एका दूरच्या देशाचे उदाहरण देतो. अमेरिकेत रस्ते उत्तम, मालक-चालकांचा वर्ग मोठा व जागरूक. तेथे मालवाहतुकीच्या दलालाने प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी आणि व्यवहारातील पक्षांस ती पाहता यावी असा नियमच आहे. तरीही दलाल करारातच हा हक्क सोडून देण्याची अट घालतात, असे तेथील गाडीवाल्यांचे गाऱ्हाणे आहे. २०२० च्या मे महिन्यात भाडी कोसळली तेव्हा त्यांनी वॉशिंग्टनमध्ये रस्त्याकडेला ट्रक उभे करून ह्याच मागणीसाठी धरणे धरले. नियम असून माहिती मिळत नाही, कारण माहिती मागणाऱ्यास पुढचे भाडे मिळणार नाही ही भीती आहे. जालन्याच्या गादीपुढील बाकावर बसलेल्या माणसास हे समजावून सांगावे लागणार नाही.

भ्रमणध्वनी आल्यावर एजंटाचे दिवस संपले असे काहींना वाटले होते. तसे झाले नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर मालाच्या खबरा दिवसभर येतात, पण एकच माल चार एजंटांच्या नावाने चार वेळा येतो, चार भावांनी येतो, आणि त्यांतील तीन ठिकाणी फोन लावल्यावर ‘माल गेला’ असे उत्तर मिळते. खबर मुबलक झाली. खरी खबर होती तितकीच दुर्मिळ राहिली. २०१९ च्या दुरुस्तीने अशा नव्या मध्यस्थांसही ९३ व्या कलमाच्या कक्षेत आणले, हे योग्य झाले. पण अनुज्ञप्तीने खबर खरी होत नाही, हा १९६९ पासूनचा अनुभव आहे.

देशव्यापी ट्रक-संप अनेक झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये टोलविरुद्ध झाला, जुलै २०१८ मध्ये डिझेल, टोल व विमा यांवरून आठवडाभर झाला, जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी संहितेतील अपघाताच्या शिक्षेवरून चालकांनी गाड्या उभ्या केल्या. ह्या सर्वांत मागणी सरकारकडे होती. खोळंब्याचे दाम ही मागणी अग्रभागी कधी आली नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. वाहतूकदारांच्या संघटनांत गाड्यांचे मालक व माल नोंदविणारे एजंट बहुधा एकत्रच असतात, पुष्कळदा एकच माणूस दोन्ही असतो. सरकारविरुद्ध त्यांचे एकमत होते. फाटकाबाहेरच्या तासांचा प्रश्न काढला तर सभेतच दोन बाजू पडतील.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून हा लेख संपवितो. प्रचलित बिल्टीवर गाडीचा क्रमांक, नगांची संख्या, वजन, पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, भाडे व आगाऊ रक्कम यांस जागा असते. पोच पावतीवर माल मिळाल्याची सही व शिक्का असतो. गाडी फाटकावर किती वाजता आली व किती वाजता सुटली, ह्यास सहसा जागा नसते. त्यामुळे खोळंब्याचा दावा उद्या कोणी मान्य केला तरी तो सिद्ध करण्यास कागद नाही, आणि खोळंब्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढेही तीच अडचण आहे. काही गाडीवाले मात्र स्वतःच्या डायरीत तारीख, गाव व वेळ टिपून ठेवतात. १९५६ नंतरच्या पहिल्या पिढीतील मालकांच्या अशा वह्या, जुन्या बिल्ट्यांची स्थळपुस्तके व मोंढ्यातील गाद्यांचे हिशेब जुन्या व नव्या जालन्यातील घरांच्या माळ्यांवर पडून असण्याचा पुष्कळ संभव आहे. दर दिवाळीत त्यांतील काही रद्दीत जातात. ज्या घरांतून अशी कागदपत्रे असतील त्यांनी ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागास दाखवावीत.